मोठ्या कंपनीत सप्लाय चेनची अप्रेंटिसशिप: फॉर्मपासून सर्टिफिकेटपर्यंत

मोठ्या वाहन कंपनीच्या अप्रेंटिसशिपच्या जाहिरातीत 'सप्लाय चेन' असं दिसलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ऑफिस, लॅपटॉप आणि एक्सेल येतं. प्रत्यक्षात पहिले काही महिने तुम्ही गेटवर, डॉकवर आणि रॅकच्या मधल्या गल्ल्यांत असता. ते तसंच असावं, असं माझं ठाम मत आहे. सिस्टीममधला आकडा आणि जमिनीवरचा माल जुळत का नाही, हे शोधून काढता येणं ही या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि ती खुर्चीत बसून येत नाही. हा लेख चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातल्या वाहन उद्योगाला धरून लिहिला आहे. वाळूज, सातपूर-अंबड किंवा बुटीबोरीला जाणाऱ्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

कायदा आणि पैसे आधी समजून घ्या

अप्रेंटिसशिप १९६१च्या कायद्याखाली चालते. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. म्हणजे कंपनी दरवर्षी मुलं घेते ती कायद्यानं घ्यावी लागतात म्हणून. ओळख नाही, वशिला नाही, म्हणून अर्ज न करणारी हुशार मुलं मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. अर्ज करा.

अर्जाची दारं दोन. पदवी किंवा डिप्लोमा झालेल्यांसाठी साधारणपणे 'नॅट्स' या केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेचं पोर्टल, ज्याचं पश्चिम विभागाचं काम मुंबईच्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडे आहे. आयटीआय, दहावी-बारावी आणि 'ऑप्शनल ट्रेड'साठी (म्हणजे कंपनीनं स्वतः आखलेल्या प्रशिक्षणासाठी) 'अप्रेंटिसशिप इंडिया'चं पोर्टल. वेअरहाउस, इन्व्हेंटरी, डॉक्युमेंटेशन अशा लॉजिस्टिक्सच्या जागा बऱ्याचदा या दुसऱ्या पोर्टलवर सापडतात, म्हणून पदवीधरांनीही तिथे नजर टाकावी. राज्य सरकारची २०२४पासूनची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही वेगळी आहे. तिचा अनुभव उपयोगी पडतो, पण ती १९६१च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप नव्हे. जाहिरात वाचताना यांची गल्लत होऊ देऊ नका.

स्टायपेंडची किमान रक्कम २०१९च्या नियमांनी पदवीधराला महिना ९,००० रुपये आणि डिप्लोमावाल्याला ८,००० रुपये ठरवली. ती वाढवावी अशी शिफारस २०२५मध्ये झाली आहे, तेव्हा करार करायच्या दिवशी पोर्टलवर चालू आकडा बघा. मोठ्या कंपन्या बहुधा किमान रकमेपेक्षा जास्त देतात. सरकारचा वाटा थेट तुमच्या खात्यात येतो, त्यामुळे आधार जोडलेलं बँक खातं चालू हवं. एकच स्टायपेंड दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या तारखांना जमा झालं तर घाबरू नका. महिन्याचं स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळायला हवं, असा नियम आहे.

अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. याचे परिणाम दोन्ही बाजूंनी आहेत. पीएफ कापला जात नाही आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. दुसरीकडे, तुम्हाला नगावर पैसे देऊन राबवता येत नाही, आणि सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. सुरक्षेच्या बाबतीत कारखान्यांना लागू असलेल्या कायद्याचं संरक्षण कामगाराइतकंच तुम्हालाही आहे आणि कामावर इजा झाली तर भरपाईचाही हक्क आहे. पहिल्या दिवशी हे कोणी समजावून सांगेलच असं नाही, म्हणून इथे लिहिलं.

करारावर सही करताना तीन गोष्टी बघा: करार पोर्टलवर नोंदवला आहे का आणि त्याचा क्रमांक मिळाला का, करारावर कोणाचं नाव आहे (कंपनीचं की मध्यस्थ संस्थेचं), आणि ट्रेडच्या रकान्यात नेमकं काय लिहिलं आहे. मध्यस्थ संस्था कायदेशीरही असतात. पण उमेदवाराकडून 'नोंदणी फी', 'युनिफॉर्म डिपॉझिट' मागणारा कोणी भेटला तर तिथून उठा.

मुलाखत

मुलाखत बहुधा छोटी असते. फिफो (आधी आलेला माल आधी काढणं) म्हणजे काय, लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ) म्हणजे काय, एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट येतं का, शिफ्टला यायची तयारी आहे का, इतकंच विचारतात. उत्तरं पाठ करून जाण्यापेक्षा आपल्या गावातलं एखादं दुकान, दूध संकलन केंद्र, औषधांचा डेपो नीट बघून जा. माल कधी येतो, कोण मोजतं, जुना माल आधी कसा काढतात, उधारीवर गेलेला माल कुठे लिहितात. एखाद्या किराणा दुकानाचा साठा कसा फिरतो हे ज्याला नेमकं सांगता येतं, तो मुलगा व्याख्या म्हणून दाखवणाऱ्यापेक्षा मला केव्हाही पसंत पडेल.

तुम्हीही एक प्रश्न जरूर विचारा: "वर्षभरात मला कोणकोणत्या विभागांत फिरवणार?" स्टोअर, इनवर्ड, लाइन फीडिंग, प्लॅनिंग, व्हेंडर फॉलो-अप, डिस्पॅच यांपैकी किमान तीन ठिकाणं मिळायला हवीत. उत्तर गुळमुळीत आलं तरी नोकरी नाकारू नका, पण रुजू झाल्यावर तेच पुन्हा विचारायचं आहे हे लक्षात ठेवा.

पहिला आठवडा: एका गाडीच्या मागे जा

सेफ्टी शूज, हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट मिळेल. फोर्कलिफ्टच्या वाटेत मोबाइल बघत चालू नका, उचललेल्या मालाखाली उभं राहू नका, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी परवान्याशिवाय फोर्कलिफ्टच्या सीटवर बसू नका. याला अपवाद नाही.

मग सुपरवायझरची परवानगी घेऊन एक काम करा. गेटवर लागलेल्या मालाच्या एका गाडीचा वही घेऊन शेवटपर्यंत पाठपुरावा करा आणि प्रत्येक टप्प्याची वेळ लिहा. सिक्युरिटीनं गेट एंट्री कधी केली, कोणते कागद बघितले, गाडी काट्यावर गेली का, डॉक रिकामा होईपर्यंत किती थांबली, माल कधी उतरला, कोणी मोजला, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) कधी झाला, क्वालिटीनं तपासायला किती वेळ घेतला आणि शेवटी खोकी कोणत्या बिनमध्ये, म्हणजे रॅकच्या खणात, गेली. एवढ्यात तुम्हाला इनव्हॉइस, चलान, बिल्टी आणि ई-वे बिल यांतला फरक कळून जातो आणि तो परत विसरत नाही. बिल्टी ट्रान्सपोर्टरची, इनव्हॉइस माल विकणाऱ्याचं, चलान विक्री नसलेल्या मालाच्या हालचालीचं, जसं की जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, पाठवलेले पार्ट; आणि ई-वे बिल म्हणजे माल रस्त्यानं हलवण्यासाठी सरकारी पोर्टलवर काढलेला कागद.

वेळा लिहिल्या की एक गोष्ट हमखास दिसते. माल उतरवायला जितका वेळ लागतो, त्याहून कितीतरी जास्त वेळ गाडी नुसती उभी असते. का उभी होती, याचं उत्तर चार वेगवेगळ्या माणसांना विचारा. चार उत्तरं मिळतील, आणि चारही खरी असू शकतात.

त्यानंतर उलटा प्रवास करा. लाइनवरचा एखादा पार्ट निवडा, समजा आरसा किंवा वायरिंग हार्नेस, आणि तो मागे मागे शोधत जा. लाइनच्या कडेला किती नग ठेवतात, ते कोण आणतं, किती वेळानं, कशाच्या इशाऱ्यावर. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवलेली कानबान पद्धत तुम्ही पुस्तकात वाचलेली असते. रिकामी ट्रे परत गेली की भरलेली ट्रे येते, हे डोळ्यांनी पाहिलं की त्या पद्धतीत ट्रेमधले नग ठरलेलेच का असावे लागतात तेही समजतं.

सिस्टीम शिका, पण हालचालीच्या भाषेत

बहुतेक मोठ्या कंपन्यांत मालाचा आणि पैशांचा हिशेब ठेवणारं सॅप हे सॉफ्टवेअर असतं. नवी मुलं ट्रान्झॅक्शन कोडची यादी पाठ करतात. त्याऐवजी मूव्हमेंट टाइप, म्हणजे मालाच्या प्रत्येक हालचालीचे क्रमांक, शिका, कारण त्यात मालाची गोष्ट असते. १०१ म्हणजे माल आत आला. १०२ म्हणजे ती नोंद उलटवली. १२२ म्हणजे व्हेंडरला परत. ३११ म्हणजे एका स्टोरेज लोकेशनमधून दुसऱ्यात. २६१ म्हणजे उत्पादनाच्या ऑर्डरवर खर्ची पडला. एखाद्या पार्टचा महिन्याभराचा इतिहास काढून हे आकडे ओळीनं वाचता आले, की त्या पार्टचं काय काय झालं ते तुम्ही सांगू शकता.

आता मुख्य मुद्दा. सिस्टीम म्हणते ५०० नग आहेत, रॅकवर ४३० आहेत. उरलेले ७० कुठे गेले?

चोरीचा संशय सगळ्यात आधी येतो आणि कारण बहुतेक वेळा दुसरंच निघतं. एक, माल उतरवण्याआधीच कागदावरून जीआरएन केला आणि खोकं कमी निघालं. दोन, माल आलाय पण तो क्वालिटीच्या ताब्यात अडकलाय, त्यामुळे एका रिपोर्टमध्ये दिसतो आणि दुसऱ्यात नाही. तीन, एककाची चूक: व्हेंडरनं बॉक्स लिहिले, आपण नग धरले. चार, डावा आणि उजवा पार्ट. दिसायला सारखे, नंबरात शेवटचा एकच आकडा वेगळा. एकात ७० कमी आणि दुसऱ्यात ७० जास्त असेल तर शोध तिथेच संपला.

पाचवं कारण सगळ्यात चिवट आहे आणि ते समजायला बॅकफ्लशिंग समजावं लागतं. वाहन कंपनीत प्रत्येक बोल्ट दिल्याची वेगळी नोंद कोणी करत नाही. गाडी तयार झाल्याची नोंद पडली की बिल ऑफ मटेरियलनुसार, म्हणजे एका गाडीला लागणाऱ्या पार्टच्या यादीनुसार, सगळे पार्ट सिस्टीम आपोआप वजा करते. म्हणजे लाइनवर एक क्लिप तुटली आणि ऑपरेटरनं दुसरी लावली, तर प्रत्यक्षात दोन गेल्या आणि सिस्टीममध्ये एकच वजा झाली. लाइन रिजेक्शनची, म्हणजे लाइनवर बाद झालेल्या पार्टची, नोंद वेळच्या वेळी झाली नाही की हा फरक रोज थोडा थोडा साठत जातो. असंच आणखी एका कारणानंही होतं. डिझाइनमध्ये बदल होऊन एका क्लिपऐवजी दोन लागू लागल्या, पण बिल ऑफ मटेरियल बदललं नाही, तर प्रत्येक गाडीमागे एक नग हवेत विरतो. फरकाचा आकडा तयार झालेल्या गाड्यांच्या संख्येच्या पटीत आला, तर आधी बिल ऑफ मटेरियल उघडा.

म्हणून सायकल काउंटिंगच्या, म्हणजे वर्षभर थोडा थोडा साठा मोजत राहणाऱ्या, टीमबरोबर जायला मिळालं तर ती संधी सोडू नका. ए वर्गातले, म्हणजे किमतीनं भारी असलेले पार्ट वरचेवर मोजतात, सी वर्गातले क्वचित. नुसतं मोजून आकडा देऊ नका. प्रत्येक फरकापुढे कारणाचा रकाना करा आणि तो भरल्याशिवाय फरक पोस्ट होऊ देऊ नये असं सुपरवायझरला सुचवा. आकडा जुळवून टाकला की कारण गाडलं जातं आणि पुढच्या महिन्यात तोच फरक पुन्हा येतो.

डॉकवरची माणसं

महाराष्ट्रात माल चढवणं-उतरवणं अनेक ठिकाणी माथाडी कामगारांकडे असतं. अण्णासाहेब पाटलांनी उभारलेल्या चळवळीतून १९६९चा माथाडी कायदा आला. त्यानुसार नोंदलेल्या कामगारांची टोळी असते, टोळीचा मुकादम असतो आणि मजुरी माथाडी बोर्डामार्फत मिळते. अप्रेंटिसनं टोळीच्या कामात परस्पर हात घालायचा नाही आणि हुकूमही सोडायचे नाहीत. गाडी आधी लावायची असेल तर मुकादमांना कारण सांगून विनंती करा. "मामा, या गाडीतला पार्ट लाइनला दोन तासच पुरणार आहे, ही आधी घेता येईल का?" असं विचारलं की काम होतं. कोणतं खोकं कसं रचलं की खालचं दबत नाही, कोणत्या व्हेंडरचं पॅकिंग पावसात ओलं होतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. ड्रायव्हरनाही बसायला जागा, पाणी आणि किती वेळ लागेल याचं खरं उत्तर द्या. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाशी नीट बोलणं हा कामाचाच भाग आहे.

कव्हरेज: तासांत विचार करा

प्लॅनिंग किंवा फॉलो-अपला गेलात की 'किती नग आहेत' हा प्रश्न मागे पडतो. 'किती तास पुरतील' हा प्रश्न येतो. लाइनवर तासाला ३० गाड्या होतात आणि एका गाडीला दोन नग लागतात, तर २४० नग म्हणजे चार तास. तळेगावहून पार्ट घेऊन येणारा ट्रक निघून तासभर झाला असेल, तर कागदावर सगळं ठीक दिसतं. पण तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी ज्यानं पाहिली आहे तो त्या तासावर विसंबत नाही.

फोनवरचा फॉलो-अपही शिकण्याची गोष्ट आहे. "माल निघालाय साहेब" याला उत्तर म्हणू नका. गाडीचा नंबर, किती नग, किती खोकी, निघाल्याची वेळ आणि ड्रायव्हरचा मोबाइल एवढं मिळालं की माल निघाला. गाडीचा नंबर सांगता येत नसेल तर बहुधा पार्ट अजून मशीनवर आहे. मात्र व्हेंडरकडचा माणूसही दबावाखाली असतो. त्याच्यावर आवाज चढवून पार्ट लवकर तयार होत नाही, पुढच्या वेळी तो खरं सांगायचा तेवढा बंद होतो.

री-ऑर्डर लेव्हलचा, म्हणजे किती नग उरले की नवी ऑर्डर द्यायची याचा, हिशेब तोंडी करता यायला हवा. रोज ४०० नग लागतात, माल यायला सहा दिवस लागतात आणि दोन दिवसांचा सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीचा जादा साठा) ठेवायचा, तर ३,२०० नग उरले की ऑर्डर गेलीच पाहिजे. आता हे सहा दिवस कोणी ठरवले ते विचारा. सिस्टीममधले लीड टाइम वर्षानुवर्षं कोणी बदललेले नसतात. गेल्या काही खेपांच्या ऑर्डरची आणि जीआरएनची तारीख घेऊन खरा लीड टाइम काढून दाखवणं, हा अप्रेंटिससाठी उत्तम प्रकल्प आहे. परवानग्या फारशा लागत नाहीत आणि उपयोग लगेच होतो. परदेशातून न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाचं तर विचारायलाच नको. मार्च २०२१मध्ये सुएझ कालव्यात एक जहाज आडवं अडकलं आणि सहा दिवस वाहतूक थांबली. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. असा वळसा पडला की सिस्टीममधला लीड टाइम निरुपयोगी होतो आणि तो बदलायचं कोणाला तरी सुचावं लागतं.

इथलं कॅलेंडरही डोक्यात ठेवा. आषाढी वारीच्या पालख्या निघाल्या की पुण्यातून सासवड आणि सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वाहतूक वळवली जाते. दसरा-दिवाळीआधी उत्पादन चढतं आणि व्हेंडरकडचे कामगार त्याच सुमारास गावी जातात. पावसाळ्यात पुठ्ठ्याची खोकी सादळतात, लोखंडी पार्टला गंज चढतो. ३१ मार्चला सगळा साठा मोजायचा असतो.

डिस्पॅच आणि ई-वे बिल

५०,००० रुपयांहून जास्त किमतीचा माल राज्याबाहेर हलवायला ई-वे बिल लागतं. साधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. चाकणहून चेन्नईकडे बाराशे किलोमीटर धरले तर सहा दिवस. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला, तर बिलाच्या भाग 'ब'मध्ये नवा गाडी नंबर टाकावाच लागतो. मुदत संपत आली तर संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्याच वेळात ती वाढवता येते. शुक्रवारी संध्याकाळी निघालेल्या गाडीचं बिल रविवारी रात्री संपत असेल, तर ते कोण बघणार हे शुक्रवारीच ठरवा. पोचपावती परत आल्याशिवाय डिस्पॅच पूर्ण झाला असं मानू नका, कारण ट्रान्सपोर्टरचं बिल आणि कमी आलेल्या मालाचा दावा, दोन्ही तिच्यावर अवलंबून असतात.

भिवंडीच्या ई-कॉमर्स गोदामांत हाच भाग सगळ्यात मोठा असतो. तिथे लाइन थांबण्याची भीती नसते, पण हजारो छोट्या ऑर्डर वेळेत उचलून, पॅक करून काढायच्या असतात. त्यामुळे पिकिंगचा वेग आणि अचूकपणा हेच तिथलं मोजमाप.

एकाच टेबलावर अडकलात तर

असं पुष्कळदा होतं. अप्रेंटिसला एक रिपोर्ट जमतो आणि मग वर्षभर तोच रिपोर्ट त्याच्या गळ्यात पडतो. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस विभागप्रमुखांना नम्रपणे, पण लेखी विचारा. मेलमध्ये तक्रारीचा सूर नको: आतापर्यंत काय शिकलो, पुढचे तीन महिने कुठे शिकायला आवडेल आणि सध्याचा रिपोर्ट कोणाला समजावून देऊन जाईन, एवढं लिहा. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण साहेबांची अडचण तीच असते. उत्तर आलं नाही तर एचआरमधल्या अप्रेंटिसचं काम बघणाऱ्या व्यक्तीला भेटा. फिरवून शिकवणं ही मेहेरबानी नाही, ते करारातच अपेक्षित आहे.

शेवटचे तीन महिने

रोजची वही असेल तर इथे कामाला येते. तुम्ही काय केलं ते आकड्यांत मांडा: कोणत्या पार्टगटातला फरक किती होता आणि किती उरला, गाडी गेटमध्ये येऊन बाहेर पडेपर्यंतचा वेळ कितीवरून कितीवर आला. कंपनीचे आकडे, व्हेंडरांची नावं आणि दर बाहेर नेऊ नका. टक्केवारी आणि पद्धत सांगितली तरी पुरतं.

सर्टिफिकेटची प्रक्रिया शेवटच्या दिवसावर सोडू नका. पोर्टलवर हजेरी आणि तिमाही नोंदी पूर्ण आहेत का, नावाचं स्पेलिंग आधार आणि मार्कशीटशी जुळतं का, ऑप्शनल ट्रेड असेल तर मूल्यमापनाची तारीख लागली का, हे दोन महिने आधी बघा. कायम करतील का, हे साहेबांना सरळ विचारायला हरकत नाही. 'नाही' असं उत्तर आलं, तर त्याच बैठकीत कोणत्या व्हेंडरकडे किंवा ट्रान्सपोर्ट कंपनीकडे जागा आहे ते विचारा. फॉलो-अपच्या फोनवर वर्षभर ज्यांच्याशी बोललात ती माणसं तुमचं काम ओळखतात, आणि चाकण पट्ट्यात स्टोअर-प्लॅनिंगच्या पुष्कळ जागा जाहिरात न येता अशाच भरल्या जातात.